राजीखुशीने, अक्कलहुशारीने

माझे वडील दस्तलेखक होते. चिपळूणला दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर टेबल टाकून बसायचे आणि लोकांची खरेदीखतं, बक्षीसपत्रं, गहाणखतं, मृत्युपत्रं लिहून द्यायचे. टेबलावर टाइपरायटर, कार्बनचे कागद, अंगठ्याच्या शाईची डबी आणि ती शाई पुसायला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. दस्ताच्या शेवटी यायची ती ओळ आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती: 'सदरचा दस्त मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, नशापाणी न करता लिहून दिला असे.' पेरूची फोड वाटून घेतानासुद्धा आम्ही ती म्हणायचो. धाकटा भाऊ 'नशापाणी' म्हणताना झोकांडी खाऊन दाखवायचा.

अण्णांची एक पद्धत होती. एखादी म्हातारी दोन पुतण्यांच्या मधे चालत आली, टेबलाशी येऊन गप्प उभी राहिली, की अण्णा पुतण्यांना म्हणायचे, "दस्ताला वेळ आहे. जरा चार चहा सांगून या." ते पाठमोरे झाले की टाइपरायटरवरचे हात काढून म्हातारीकडे वळायचे. "आजी, कागदात काय आहे ते ठाऊक आहे ना? नको असेल तर आत्ताच सांगा. मी सांगतो त्यांना, स्टँप पेपर संपलाय म्हणून." बहुतेक जणी मान हलवून सही नाहीतर अंगठा करायच्या. एखादी मात्र जमिनीकडे बघत राहायची. वर्षातून दोन-तीनदा अण्णांचा स्टँप पेपर संपायचा.

घरी जेवताना ते हे सांगत आणि आई म्हणे, "एक दिवस मार खाल." मला अण्णांचा फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो. म्हणूनच पुढचं लिहायला इतकी वर्षं लागली.

आजोबा १९९७ मध्ये गेले. वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर तीन नावं चढली: अण्णा, मुंबईचे काका आणि कराडची आत्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या वाट्यात मुलीलाही हिस्सा दिला होता. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं त्या कायद्यात दुरुस्ती केली आणि २००५ मध्ये केंद्रानं, त्यामुळे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःचा हक्कही मिळाला. पण सातबाऱ्यावर बहिणीचं नाव चढणं आणि ते तिथं टिकणं यांच्या मधे आमच्याकडे एक कागद असतो. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. बहीण सही करते, भाऊ साडीचोळी करतो, आणि माहेर शाबूत राहतं. हे इतकं रीतीचं झालेलं आहे की त्यात कुणी कुणाला काही सांगितलं-मागितलं असं कुणाला वाटतच नाही.

आत्याकडे कुणी जायचं हा प्रश्न घरात निघाला तेव्हा आई पटकन म्हणाली, "हिला पाठवा. हिचं ऐकते ती." मी चोविशीची होते. आत्याला मूलबाळ नव्हतं आणि माझ्यावर तिचा जीव होता. लहानपणी मेची सुट्टी मी तिच्याकडेच काढायची. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. निघताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "रस्त्याकडेच्या आठ गुंठ्यांचं आत्ता काढू नकोस. ते ठरल्यावर बघू." त्या आठ गुंठ्यांना गिऱ्हाईक आलेलं होतं.

कुळथाचं पीठ आणि फणसपोळी घेऊन मी कुंभार्ली घाट चढून एसटीनं कराडला गेले. पहिल्या दिवशी विषयच काढला नाही. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मला पुढ्यात बसवून केसांना तेल लावायला घेतलं, तेव्हा बोलले. पाठ तिच्याकडे होती, तोंड दिसत नव्हतं, ते सोयीचंच होतं.

म्हटलं, अण्णा हल्ली रात्री उठून ओटीवर बसून राहतात. बसत होते, खरंच. त्यांना ॲसिडिटी होती. म्हटलं, माजघराचे वासे वाळवीनं खाल्लेत, बँक कर्ज देत नाही, सातबाऱ्यावर तीन नावं आहेत म्हणतात. तेही खरंच होतं. म्हटलं, माझं लग्न बघतायत, घर असं असताना पाहुणे कसे बोलवायचे, म्हणून आई रडते. आई एकदा रडली होती. एकही वाक्य खोटं नव्हतं. कुठलं आधी, कुठलं नंतर, कुठे थांबायचं आणि कुठला विषय निघूच द्यायचा नाही, एवढीच काय ती माझी कामगिरी.

आत्या वेणी घालत होती. रबरबँड दातात धरलेला, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. वेणीचा शेवटचा पेड झाला, रबर बांधून झाला, आणि मग तिनं विचारलं, "दादानं पाठवलं, का तूच आलीस?"

मी म्हटलं, "मीच आले."

अख्ख्या दोन दिवसांत खोटं असं हे एकच.

"मग करा म्हणावं कागद तयार," ती म्हणाली आणि कंगव्यातले केस काढून त्यांची गुंडाळी करत आत गेली.

दस्त झाला तो शेजारच्या टेबलावर. अण्णांनी स्वतःच्या टेबलावर लिहिला नाही. "घरचा दस्त आपण लिहू नये," म्हणाले, आणि आम्हा सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. शेजारच्या दस्तलेखकानं मजकूर वाचून दाखवला. शेवटच्या ओळीवर आत्या हसली, कारण तीही त्याच घरात वाढलेली. "हो हो, राजीखुशीनेच," म्हणाली. त्या वेळी अण्णा तिथं नव्हते. ते चहा सांगायला गेले होते.

हे दृश्य मी मनात किती वेळा उलटसुलट करून पाहिलं असेल. पुतण्यांना चहाला पिटाळणारा माणूस स्वतः उठून चहाला गेला, आणि मागं टेबलाशी 'नको असेल तर सांगा' म्हणणारं कुणीच उरलं नाही. मी होते. मी आत्याच्या पिशवीचे बंद धरून उभी होते.

आता कायद्याच्या चष्म्यातून पाहिलं तर या दस्तात काही खोट नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानं 'मुक्त संमती' कशाला म्हणायचं ते बारकाईनं सांगितलंय. जबरदस्ती नको, फसवणूक नको, चुकीची माहिती नको, आणि कलम १६ मध्ये सांगितलेला तो 'अनुचित प्रभाव' नको, म्हणजे एकाच्या मुठीत दुसऱ्याची इच्छा असेल अशा नात्याचा गैरफायदा घेऊन काही पदरात पाडून घेणं. आत्या चांगली खंबीर बाई. तिची इच्छा कुणाच्या मुठीत असेल असं तिला ओळखणारा कुणीच म्हणणार नाही. आठ गुंठ्यांचं दडवलं होतं, पण ती जमीन दस्तात लिहिलेली होतीच की. कोर्टात आमचं काही बिघडलं नसतं.

मराठीत 'पटणं' आणि 'पटवणं' ही दोन क्रियापदं शेजारी राहतात, पण त्यांचं एकमेकांशी फारसं बरं नाही. 'मला पटलं' म्हणताना ते आतून होतं, ऊन पडावं तसं. 'पटवलं' म्हटलं की त्यात दुसऱ्याचा हात आला. पोरं 'पोरगी पटवली' म्हणतात तेव्हा त्यात पोरीला काय पटलं हा मुद्दाच नसतो. बाकीचे शब्द तर सरळ अवजारांचे आहेत. गळ घालणं म्हणजे आकडा टाकणं. गळी उतरवणं. भरीस घालणं. मन वळवणं, म्हणजे पाटाचं पाणी वळवतात तसं दुसऱ्याचं मन आपल्या वाफ्यात घेणं. एवढी अवजारं ज्या भाषेत आहेत तिच्या घराघरांत त्यांचा वापर किती होत असेल!

आणि याच भाषेत 'आग्रह' हा शब्द कौतुकाचा आहे. आमच्याकडे पंगतीत पानावर आडवा हात धरणं म्हणजे नकार नसतोच, ती आग्रहाची सुरुवात असते. "माझ्या हातची एक." "एकीनं काही होत नाही." वाढपी बोटांच्या फटीतून जिलबी सरकवतो. साखर वाढलेले एक दूरचे काका आमच्या गणपतीत दर वर्षी आधी ठाम नाही म्हणत आणि मग चार मोदक खाऊन उठत. घरी गेल्यावर काकू त्यांना बोलत असत आणि आमच्याकडे बायका, "नावं ठेवायला जागा नको, पोटभर जेवले," म्हणून खूश असत. काकांना मोदक आवडायचे हेही खरं. पण त्या पंगतीत त्यांनी पान झाकून उठायचं ठरवलं असतं, तर नाही कशाला झालं असतं? मोदकाला नाही, वाढणारीला. मला वाटतं गोम तिथंच आहे. मागितलेली वस्तू आणि मागणारं माणूस यांची गाठ बांधून टाकली की 'नाही' म्हणणं फार महाग होऊन बसतं. आत्यानं नाही म्हटलं असतं तर जमीन राहिली असती आणि माहेर गेलं असतं. निदान माझ्या तेल लावून घेण्यानं तिला तसं वाटायची सोय केली होती.

सरकारनं एकदा या गाठीला हात घातला होता, तो किस्सा मला अण्णांच्या कायद्याच्या पुस्तकात सापडला. पूर्वी पैसे बुडवणाऱ्याच्या दारात सावकार किंवा त्यानं बसवलेला ब्राह्मण धरणं धरून बसे. अन्नपाणी सोडून. घरातल्यांनाही मग जेवायची चोरी, कारण दारात माणूस उपाशी मेला तर पाप कुणाच्या माथी? १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ यासाठीच होतं: दैवी कोपाची भीती घालून कुणाकडून काही करवून घेणं हा गुन्हा. आणि त्याखाली दिलेलं पहिलंच उदाहरण होतं, 'अ' हा 'य'च्या दारात धरणं धरून बसतो. दुसरं उदाहरण त्याहून भयंकर आहे. 'य'नं म्हटल्याप्रमाणे केलं नाही तर 'अ' स्वतःचंच मूल मारायची धमकी देतो, म्हणजे पातक 'य'ला लागावं. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. "तू असं करणार असशील तर मी जीव देते" हे वाक्य मी आमच्या आळीत किती आयांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्यावर कुणी फौजदार बोलावलेला मला आठवत नाही.

आमची आई तेवढ्यावर जायची नाही. तिचा अबोला असे. तीन दिवस ताट वाढून ठेवायचं आणि समोर बसायचं नाही. कोकणात गावकीनं माणसं वाळीत टाकायचे प्रकार इतके झाले की २०१६ मध्ये राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. घरातल्या घरात तीन दिवस वाळीत टाकायला मात्र अजून मोकळीक आहे.

उपवासाचं हत्यार घरात चालतं तसं ते देशातही चाललं आहे, आणि तिथं न्यायनिवाडा करणं माझ्यासारखीला फार अवघड जातं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवाड्यानं अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध प्राणांतिक उपोषण सुरू केलं. २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त मतदारसंघांतून प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. गांधीजींच्या लेखी ते उपोषण सवर्णांच्या विवेकाला जागं करण्यासाठी होतं. ज्यांना सही करायची होती त्या बाबासाहेबांच्या लेखी ते दडपण होतं, आणि तसं त्यांनी पुढे कडक शब्दांत लिहूनही ठेवलं. शाळेत आम्हाला हा करार तडजोड म्हणून शिकवला. सत्याग्रह या शब्दातही आग्रहच आहे, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. मी आता जेव्हा तो आठवडा डोळ्यांसमोर आणते तेव्हा करार बरा की वाईट यापेक्षा मला ते चार दिवस दिसतात. एका माणसाच्या 'नाही'वर अख्ख्या देशाची नजर लागली आहे, आणि त्या 'नाही'ची किंमत महात्म्याचा प्राण अशी जाहीर झालेली आहे. तिथं स्टँप पेपर संपलाय म्हणणारं कोण असणार?

कराडच्या आत्यापाशी हे ताणून नेणं कुणाला अतिशयोक्तीचं वाटेल. वाटू दे. मला स्वतःला ते एकाच कापडाचं वाटतं, पन्हा फक्त वेगळा.

आठ गुंठे २००१ मध्ये विकले गेले. आत्याला ते आमच्याकडून कळलं नाही, कुणा तिसऱ्याकडून कळलं. ती एका शब्दानं बोलली नाही. त्याआधी ती गणपतीला हरतालिकेच्या आदल्या दिवशी यायची आणि गौरी विसर्जन करून जायची. तिची वळकटी माजघरात कोपऱ्यात असे. त्या वर्षी ती चतुर्थीला सकाळी आली, मोदकाच्या उकडीला बसली, पंगतीला वाढलं, आरती म्हटली आणि चारच्या एसटीनं निघाली. "गुडघे धरतात हल्ली, खाली झोपवत नाही," म्हणाली. आईनं खूप आग्रह केला. पुढची दहा वर्षं ती अशीच येत राहिली, न चुकता, चारच्या एसटीचं बघत. २०१२ मध्ये ती गेली.

अण्णांशी मी या विषयावर एकदाच बोलले, तेही तिच्या तेराव्यानंतर. म्हटलं, "आपण तिला विचारायला हवं होतं." ते म्हणाले, "विचारलं की. वाचून दाखवलं सगळं." थोड्या वेळानं म्हणाले, "नाही म्हणाली असती तर काय करायचं होतं?" मला वाटतं ते खरोखरच विचारत होते.

मी मात्र त्या कराडच्या दोन दिवसांत एक कसब घेऊन आले, आणि ते गेलं नाही. नवऱ्याला कधी काय सांगायचं, सासूबाईंसमोर कुठली गोष्ट त्यांचीच कल्पना म्हणून पुढे करायची, हे मला बसल्या जागी जमतं. सासूबाईंच्या बाबतीत मला अजून पश्चात्ताप होत नाही, हेही सांगून टाकते. त्या माझ्याहून वरचढ होत्या. फटका बसला तो मुलीकडून. दहावीनंतर तिला आर्ट्सला जायचं होतं. मी भांडी विसळता विसळता म्हटलं, "तुझं तू ठरव. मला काय! बाबांना जरा वाईट वाटेल, एवढंच." तिनं फळीवरचा डबा खाली काढला, त्यातला चिवडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मग बाबांना बोलू दे ना." नळ चालू होता. मी तो बंद करायचं विसरले.

अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. सातबाऱ्यावर आता माझं आणि भावाचं नाव आहे. गेल्या महिन्यात त्याचा व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज आला, सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा. शेवटची ओळ तीच, फक्त आता युनिकोडमध्ये.

मेसेजमध्ये त्यानं सगळं लिहिलं होतं. घराचं छप्पर काढून नवं घालायचंय, त्याचा अंदाज. बागेचं उत्पन्न किती आणि खर्च किती. जमिनीला आज काय भाव येईल तो आकडा, कमी करून न सांगता. माझा हिस्सा किती होतो तेही. पुढेमागे विकायचा विचार आहे का, तर हो, मुलगा इथं राहायचा नाही असं दिसतं, हेसुद्धा. शेवटी लिहिलं होतं: 'ताई, तू नाही म्हणालीस तरी गणपतीला ये.'

हे शेवटचं वाक्य मी तीसेक वेळा तरी वाचलं असेल. त्यानं ती गाठ सोडून ठेवली आहे, असं एकदा वाचताना वाटतं. जमीन वेगळी, मी वेगळी. दुसऱ्यांदा वाचलं की वाटतं, याहून जबरदस्त गळ आजवर कुणी घातला नव्हता. इतक्या मोठ्या मनानं 'नाही'ची मुभा देणाऱ्याला नाही म्हणवतं का? त्याच्या मनात काय आहे ते मला समजत नाही, आणि बहुधा त्यालाही नेमकं सांगता येणार नाही. आत्यासारखं विचारावं असंही वाटलं, तूच लिहिलंस का वहिनीनं सुचवलं. लिहून खोडलं. दोघांनी मिळून लिहिलेलं असलं तरी काय बिघडलं?

मुलगी म्हणते वकिलाला दाखव. नवरा म्हणतो देऊन टाक, आपल्याला काय कमी आहे. मसुदा मी छापून आणलाय आणि तो फ्रिजवर, गॅसच्या पावत्यांखाली आहे. सहीचं अजून काही ठरलेलं नाही.

काल रात्री भावाला उत्तर लिहिलं. कागदाबद्दल विचार करून सांगते, वेळ लागेल, असं स्पष्ट लिहिलं. आणि खाली लिहिलं, हरतालिकेच्या आदल्या दिवशी येते, गौरी करून जाईन. माझी वळकटी उन्हात टाकून ठेव.